राजीनाम्याआधी एक आदण काढा

करवीर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३८, शिरोली एमआयडीसीत हिशेबाची नोकरी, घरचा दीड एकर ऊस. बिनरसायनाचा गूळ करायचं दहा वर्षं मनात आहे. "पण म्हाताऱ्यानं जन्मभर दुसऱ्याच्या काहिलीवर गूळ काढला, स्वतःचं गुऱ्हाळ घातलं नाही. चुलत्यानं घाणा विकला. बायको म्हणते, पगार सोडायचा नाही. राजीनामा देऊ का?"

दादा, तुम्ही हिशेबातले. वडील गुळव्या होते ही नोंद तुम्ही नावे टाकलीत; ती जमेला हवी होती. घाणा, रस आटवायची काहील, तिच्याखालचं चुलवण पैसे टाकून मिळतं. पाक नजरेनं ओळखणारा माणूस मिळता मिळत नाही, आणि तो तुमच्या सोप्यात बसलाय. चुलत्यानं घाणा विकला, विकू दे. तो विषय संपला.

उद्यापासून रोज संध्याकाळी वडिलांना एकच प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत उतरवा. मळी, म्हणजे रसावरचा मळकट फेस, कधी वर येते, ती सुटायला भेंडीचं पाणी कधी घालायचं, चुन्याची निवळी किती. चुना जास्त झाला की गूळ काळवंडतो. कमी पडला तर रसाचा आंबटपणा राहतो आणि ढेप नीट बांधत नाही. "माझ्यासाठी काय केलंत" हा प्रश्न दहा वर्षं विचारून झाला, आता हे विचारा. पहिले दोन-चार दिवस ते उडवून लावतील. मुलगा अचानक गोड बोलायला लागला की कुठलाही बाप सावध होतो.

दसऱ्यानंतर गुऱ्हाळं पेटली की ओळखीच्या गुऱ्हाळावर भाडं ठरवून आपल्याच उसाचं एक आदण, म्हणजे एका वेळी काहिलीत आटवायचा रस, काढा. दोन टन ऊस पुरे. साधारण दोनशे ते अडीचशे किलो गूळ पडेल. साप्ताहिक सुट्टीला धरून दोन दिवसांची रजा टाका. ऊस तोडल्यावर २४ तासांच्या आत घाण्यात गेला पाहिजे. शिळ्या उसातली साखर फुटते आणि मग कितीही आटवा, गूळ मऊच राहतो. रस उकळायच्या आत मळी काढून घ्यायची, उकळी फुटल्यावर ती रसात मिसळते. ढेपेसाठी पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. थर्मामीटर लावा, पण वडिलांना त्याच्याकडे बघू देऊ नका. पाण्यात टाकलेली पाकाची गोळी बघून त्यांनी "उतरवा" म्हटलं की आकडा टिपा. चार आदणांत त्यांची नजर तुमच्या वहीत येईल.

नवखे बहुतेक रंगावर फसतात. हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पूड, न घातलेला गूळ तपकिरी निघतो आणि सौद्यात, म्हणजे बाजार समितीतल्या लिलावात, पिवळ्याला भाव जास्त. मग माणूस घाबरून चिमूटभर टाकतो, पुढच्या आदणाला मूठभर. हा माल सौद्यात न्यायचाच नाही. एक किलोच्या ढेपी पाडा, कारखान्यातल्या सहकाऱ्यांना, नात्यागोत्यात विका. अन्न सुरक्षा नोंदणी आधी करून घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते चिन्ह वेष्टनावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी लागते.

बायकोचं म्हणणं मला पटतं. गुऱ्हाळ पाच-सहा महिने चालतं, घरखर्च बारा महिने. निदान सहा महिन्यांचा किराणा, शाळेची फी आणि हप्ते बाजूला पडल्याशिवाय राजीनाम्याचा कागद काढू नका. आणि वहीचं एक पान बायकोच्या नावानं ठेवा: तुम्ही दहा वर्षं कुरकुर करत होता तेव्हा घर कोण चालवत होतं, तेही जमेलाच येतं.

पहिल्या आदणातल्या दोन ढेपी विकू नका. सुती कापडात बांधून फळीवर ठेवा. आपल्याकडचा आषाढ कसा असतो तुम्हाला माहीत आहे. कच्चा पाक असेल तर ढेप पाझरते, बुरशी धरते. श्रावणात कापड सोडून बघा. ढेप कोरडी निघाली, तर राजीनाम्याचं विचारायला पुन्हा लिहा.