त्याची खेळाची भूक

खानापूर,
ज्येष्ठ पौर्णिमा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या त्या कुत्र्याचा तू पाठवलेला फोटो दहा वेळा तरी बघितला. एक कान उभा, एक पडलेला, पुढचे पाय जमिनीला टेकवलेले आणि मागची बाजू वर. ‘चल, खेळूया’ म्हणायची ही त्यांची पद्धत. ‘काकू, मला हाच पाहिजे, किती खेळकर आहे बघ की,’ असं तू खाली लिहिलंयस. त्या ‘खेळकर’वरच हे पत्र आहे.

आठ-नऊ महिन्यांच्या कुत्र्याला खेळ भूक-तहानेसारखा लागतो. मिळाला नाही तर तो स्वतः शोधतो, मग चपला, उशी, सोफ्याचा कोपरा, आईनं वाळत घातलेले पापड, काहीही चालतं त्याला. तू सकाळी साडेआठला बेळगावच्या उद्यमबागेत कामाला जाणार, संध्याकाळी सहाला परतणार. मधले साडेनऊ तास त्याचं कोण बघणार? तुझ्या आईचे गुडघे मला माहीत आहेत. त्यांनी नुसतं ‘आण, आण’ म्हटलं म्हणजे झालं असं समजू नकोस. घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून विचार, की सकाळी कोण नेणार, दुपारी कोण नेणार, पावसात कोण नेणार. आपल्याकडचा पाऊस तुला सांगायला नको. भाड्याच्या घरात आहात, तेव्हा मालकांनाही आधी विचार. आणल्यावर महिनाभरानं परत नेऊन सोडलं, तर एकदा रस्त्यावर राहिलेल्या जिवाला ते दुसऱ्यांदा सोसावं लागतं.

रोज सकाळी अर्धा-पाऊण तास आणि संध्याकाळी तेवढाच, एवढा वेळ धरूनच चाल. नुसतं ओढत पळवू नकोस, वास घेऊ दे. एका खांबापाशी तो दोन मिनिटं उभा राहिला तर उभी राहा. वास घेताना त्याचं डोकं चालतं, आणि डोकं थकलं की तो घरी येऊन शांत झोपतो. बाहेर पडता येत नाही अशा दिवशी जुन्या टॉवेलमध्ये भाकरीचे तुकडे गुंडाळून दे, उलगडत बसतो. जुन्या लुगड्याची जाड गाठ मारली की ओढाओढीला तिच्यासारखी वस्तू नाही. तुझ्या हाताशी मात्र त्याला खेळू देऊ नकोस. दात लागले की हात झटकायचा नाही, ओरडायचं नाही. खांबासारखं उभं राहायचं आणि खेळ तिथंच थांबवायचा. चार-आठ दिवसांत त्याला कळतं.

आता पहिल्या पंधरा दिवसांचं सांगते. इथं माझी स्वतःची मोठी चूक झाली होती.

आमचा कुत्रा बंड्या आला तो आषाढात, रोप लावणीच्या ऐन दिवसांत. तिसऱ्या दिवशी रुळला असं वाटलं मला. शेजारीण डबा द्यायला आली, मी फाटक उघडलं, आणि तो माझ्या पायामधून निसटून थेट चिखलणी केलेल्या शेतात. जितकी हाक मारली तितका लांब गेला. हाक मारणारी मी त्याला अजून परकीच होते. संध्याकाळी गोठ्यामागे पेंढ्याच्या ढिगात सापडला, भिजून थरथरत. आणल्यावर दिवाणाखाली जाऊन बसला तो दोन दिवस बाहेर आला नाही. मी जवळ गेले की डोळे फिरवायचा. शेवटी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले, मागे हातभर अंतरावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि शेंगा सोलत राहिले. बऱ्याच वेळानं टाचेला काहीतरी ओलं आणि गार लागलं. त्याचं नाक होतं ते. मी मान वळवली नाही. भाकरी खाऊन तो परत आत गेला, पण त्या रात्री दिवाणाच्या बाहेर तोंड काढून झोपला.

म्हणून सांगते, आल्या दिवशी पाहुणे बोलवू नकोस, पुतण्या-भाच्यांचा घोळका करू नकोस, आंघोळ घालू नकोस. त्याला एक कोपरा दे, तिथं कुणी हात लावायचा नाही. फाटकाजवळ सदैव दोरी. गळ्यात पट्टा आणि छातीला हार्नेस, दोन्ही हवेत, कारण घाबरलेलं कुत्रं नुसत्या पट्ट्यातून मान काढून घेतं. पट्ट्यावर तुझा नंबर. आणखी एक कर. उद्याच एक जुनी चादर त्या निवाऱ्यात देऊन ये, चार दिवस तो तिच्यावर झोपू दे आणि येताना तीच चादर त्याच्याबरोबर घरी आण. नव्या घरात एक तरी वास त्याच्या ओळखीचा असतो.

फोटोत पाय लांब दिसतात, कंबर बारीक. शेजारी ‘मुधोळ आहे गं’ म्हणणारच. आपल्या भागात त्या रक्ताची सरमिसळ दिसते खरी. मुधोळ गाव तिकडे बागलकोट जिल्ह्यात, त्यावरून त्या शिकारी जातीचं नाव, आणि त्या जातीचं टपाल तिकीटही २००५ साली निघालंय. तो मुधोळ असो-नसो, पण अशा अंगाचं कुत्रं नजरेनं शिकार करणाऱ्यांतलं असू शकतं. काही पळताना दिसलं की त्याला तुझी हाक ऐकूच येत नाही. येळ्ळूरच्या माळावर मोकळं सोडायची घाई करू नकोस. आधी लांब दोर बांधून महिनोन्‌महिने सराव.

हाकेवरून आठवलं. आपल्या घरांत मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषा चालतात. आजी ‘ये’ म्हणते, समोरच्या आज्जी ‘बा इल्ली’ म्हणतात, तुझा भाऊ ‘कम’ म्हणतो. नको म्हणायलाही ‘नको’, ‘ब्याड’ आणि ‘नो’. कुत्र्याला भाषेचं काही नाही, पण एका गोष्टीला एकच शब्द लागतो. घरात बसून ठरवा, कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, समोरच्या आज्जींनाही सांगा. आणि ‘ये’ म्हटल्यावर आला की प्रत्येक वेळी त्याला काहीतरी चांगलं मिळालं पाहिजे. रागवायला कधीही जवळ बोलावू नकोस.

जनावरांच्या दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात जा. निवाऱ्यातून लसींचं कार्ड मागून घे. रेबीजची लस आणि परव्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांची एकत्र लस झाली आहे का, तारखा काय आहेत, ते बघ. कार्ड नसेल तर झालंच नाही असं धरून डॉक्टरांना सांग. रेबीजची लस पुढंही नियमित चुकवायची नाही. लेप्टोची लस आवर्जून विचार. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो आजार येतो, माणसालाही होतो, आणि आपल्याकडे चार महिने पाणी साचलेलंच असतं. जंताचं औषध, नसबंदी झाली आहे की नाही, हेही त्याच फेरीत. गोचीड रोज बघ, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. बोटानं चिरडू नकोस, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढ. ताप, खाणं बंद, नाकातून रक्त असं काही दिसलं तर ‘उद्या बघू’ नको. रक्ताचे जुलाब झाले तर त्याच तासाला निघ.

आणि कुणालाही दात लागला, नुसतं खरचटलं तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखाना. हळद-चुना काही लावायचं नाही. यावर मी कुणाचं ऐकून घेत नाही, तूही घेऊ नकोस.

खाण्याचं थोडक्यात. दोन वेळा, ठरल्या वेळी. भाकरी, भात, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन चालतं, पण रोजचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घे, वाढत्या अंगाला नुसत्या भाकरीवर भागत नाही. आपला रस्सा नको. कांदा-लसूण त्याच्या रक्ताला मारक आहे. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडावर जातात, म्हणून शिऱ्यातला बेदाणाही नको. चॉकलेट नको, शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या काड्या होऊन आतडं फाटतं. ताप आला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर कधीच नको. प्रेमापोटी देतात माणसं, आणि कुत्रं जातं.

गणपतीपर्यंत त्याला येऊन जेमतेम अडीच महिने होतील. शहरातली विसर्जन मिरवणूक रात्र उलटून दुसऱ्या दिवसावर जाते, तुमची गल्ली त्या रस्त्याला लागून. आतापासूनच मधली खोली त्याच्यासाठी धर. त्या रात्री खिडकी बंद, पंखा मोठा, तुमच्यापैकी एकजण त्याच्याजवळ. दिवाळीलाही तेच. ढोलाच्या आवाजानं पळालेलं कुत्रं कुठल्या कुठं जातं.

एकटं राहायची सवय पहिल्या आठवड्यातच लाव. दोन मिनिटं दाराबाहेर उभी राहा, आत ये, काही बोलू नकोस. मग पाच, मग दहा. शक्य असेल तर सुरुवातीला आठवडाभर रजा काढ. एकदम साडेनऊ तास एकटा ठेवलास तर तो रडून गल्ली जागी करेल, आणि मग शेजाऱ्यांचं ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच.

एवढं वाचून आणि घरच्यांशी बोलूनही तो हवाच असेल, तर मला खरंच आनंद आहे गं. रविवारी मी सकाळच्या बसनं येते. निवाऱ्यात दोघी जाऊ, तो खाताना, झोपताना, दुसऱ्या कुत्र्याजवळ कसा वागतो ते तासभर बसून बघू. लांब दोर विकत घेऊ नकोस. बंड्याचा आहे, धुऊन ठेवलाय, मी घेऊन येते.

तुझी,
काकू