डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या भूमिका वठवायच्या खेळात हाफलिंगला, म्हणजे बुटक्या जमातीच्या पात्राला, प्लेट आर्मर (अंगभर धातूचं चिलखत) घालता येतं का?

येतं की! 2014 च्या पाचव्या आवृत्तीत आकार आडवा येत नाही, फक्त हेवी आर्मरची (जड चिलखताची) प्रोफिशिएन्सी, म्हणजे ते वापरायचं प्रशिक्षण, हवी. खरी गोम स्ट्रेंग्थमध्ये, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या आकड्यात आहे. प्लेटला 15 लागते; कमी असेल तर वेग 10 फुटांनी घटतो, म्हणजे हाफलिंगचे 25 फूट थेट 15 वर. माझा पॅलाडिन (धर्मयोद्धा) 13 वरच प्लेट चढवून गॉब्लिनांमागे धावायचा आणि लढाई आटोपल्यावर पोचायचा! ड्वार्फ जमातीला ही कपात लागू नाही. लपताना डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा) मात्र सगळ्यांनाच.

आकार नडतो तो शस्त्रांत. हाफलिंगसारख्या 'स्मॉल' आकाराच्या पात्राने ग्रेटसोर्डसारखं 'हेवी' शस्त्र उचललं की हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. 2024 च्या नियमांत तेही आकार सोडून स्ट्रेंग्थवर नेलंय, किमान 13.