पायलट विझतो, पण कधी?

घरची दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

उन्हाळाभर बंद असलेले गॅस गीझर दिवाळीच्या तोंडावर पुन्हा सुरू होतात आणि आमच्याकडे एकाच तक्रारीची पत्रं येऊ लागतात : पायलट, म्हणजे मोठा बर्नर पेटवण्यासाठी जळती ठेवलेली छोटी ज्योत, टिकत नाही. एवढ्यावरून दुरुस्ती सांगता येत नाही. नॉब सोडल्याबरोबर विझतो, अंघोळ चालू असताना विझतो की थंडीतच विझतो, हे कळलं की निम्मं निदान झालं. खालची उत्तरं १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवर चालणाऱ्या गीझरसाठी आहेत.

प्रश्न : आमचा गीझर जुना, पायलटचा आहे. नॉब दाबून धरला की पायलट चांगला जळतो, सोडला की लगेच विझतो. मिस्त्री म्हणतो, गॅसचा अख्खा व्हॉल्व्ह बदला. दुसरं काही करून पाहता येईल का? (अमळनेर)

उत्तर : येईल, आणि व्हॉल्व्हचा नंबर सगळ्यात शेवटी लावा. तुम्ही सांगता ते लक्षण बहुतेक वेळा थर्मोकपलचं असतं. पायलटच्या ज्योतीत टोक बुडालेली, तांब्याची बारीक नळी शेपटासारखी मागे गेलेली ती दांडी म्हणजे थर्मोकपल. टोक तापलं की त्यात २० ते ३० मिलिव्होल्ट एवढी जेमतेम वीज तयार होते. त्या विजेवर आतला चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत गेली, टोक गार झालं, की झडप मिटते. तुम्ही नॉब दाबता तेव्हा झडप हाताने उघडी धरलेली असते, म्हणून तेवढा वेळ सगळं ठीक वाटतं.

आधी फुकटातले उपाय. नॉब किती वेळ धरता? टोक तापायला ३० ते ४० सेकंद लागतात, जुन्या थर्मोकपलला मिनिटभरही लागतं. नॉब पूर्ण आत दाबून घड्याळ लावून धरा. एवढ्यानेच काम झालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही झालं तर ज्योत नीट पाहा. ती निळी, ताठ आणि थर्मोकपलचं वरचं १० ते १२ मिलिमीटर टोक वेढणारी हवी. ज्योत पिवळी, आखूड किंवा हलकी डोलणारी असेल तर थर्मोकपल निर्दोष आहे, पायलटचा जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड, कोंदला आहे. सहा-आठ महिने बंद पडलेल्या गीझरच्या पायलट नळीत कोळी हमखास जाळं करतो. जिनिंगच्या आसपास घर असेल तर हवेच्या भोकांवर कापसाची रुई बसलेली सापडेल. रेग्युलेटर बंद करा, गीझर गार होऊ द्या, पायलटची नळी नटापाशी सोडवा आणि जेट बाहेर काढा. त्याचं भोक केसाएवढं असतं. त्यात सुई किंवा टाचणी अजिबात घालू नका, पितळ मऊ असल्याने भोक मोठं होतं आणि मग ज्योत कायमची काजळी धरते. जेट स्पिरिटमध्ये अर्धा तास ठेवा, सायकलच्या पंपाने उलट बाजूने हवा मारा आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का पाहा. हवेची भोकं दात घासायच्या मऊ ब्रशने साफ होतात.

ज्योत चांगली असूनही पायलट टिकत नसेल तर थर्मोकपलचं मागचं टोक व्हॉल्व्हमधून सोडवा. तिथे बटणासारखा छोटा ठिपका असतो. त्यावर काळपट थर आला असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने एक-दोनदा हलकं घासा, कोरड्या कापडाने पुसा आणि परत बसवा. नट हाताने घट्ट होईल तेवढा फिरवायचा आणि मग पान्याने फक्त पाव फेरा. जोर लावून आवळला की ठिपक्यामागचं इन्सुलेशन चिरडतं, वीज तिथेच शॉर्ट होते आणि नवा कोरा थर्मोकपलही पहिल्या दिवशी निकामी होतो. नवा टाकूनही पायलट टिकला नाही की लोक व्हॉल्व्हवर घसरतात, ते बरेचदा यामुळे.

मल्टिमीटर असेल तर अंदाजावर राहू नका. मागचं टोक मोकळं ठेवा, मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर लावा, एक पिन त्या ठिपक्यावर आणि दुसरी तांब्याच्या नळीवर. दुसऱ्या माणसाला नॉब दाबून पायलट मिनिटभर जळता ठेवायला सांगा. आकडा २० च्या वर गेला तर थर्मोकपल चांगला आहे, १५ च्या खाली राहिला तर बदला. मधलाच आला तर ज्योत टोकाला नीट लागते का ते पुन्हा पाहा. नवा आणताना जुना दुकानात सोबत न्या, लांबी आणि आटे दोन्ही जुळले पाहिजेत.

थर्मोकपल पुरेशी वीज देतो आणि तरी झडप धरत नाही, असं झालं तर व्हॉल्व्हला लागून असलेल्या जास्त तापमानाच्या सेफ्टी स्विचच्या पट्ट्या पाहा. बऱ्याच मॉडेलांत तो थर्मोकपलच्या वाटेतच जोडलेला असतो आणि बाथरूमच्या वाफेने त्याच्या टोकांवर हिरवट गंज चढतो. हे सगळं ठीक असेल तरच चुंबकाचा भाग गेला असं समजा आणि तेव्हा मिस्त्रीला बोलवा. गॅसचा व्हॉल्व्ह घरी उघडायचा नाही.

एक सूचना दर वेळी पाळा. पायलट विझल्यावर पाच मिनिटं थांबल्याशिवाय पुन्हा पेटवू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, उभ्याने वास येत नाही, खाली वाकून घ्यावा लागतो. वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका, खिडक्या उघडा आणि १९०६ ला फोन करा. नळी किंवा नट सोडवला असेल तर जोडणीनंतर त्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे.

प्रश्न : गीझर बाथरूममध्येच बसवला आहे. पहिली सात-आठ मिनिटं उत्तम चालतो, मग पायलट आपोआप विझतो. दार उघडून थोडा वेळ थांबलं की पुन्हा लागतो. घरातल्यांना अंघोळीनंतर डोकं जड वाटतं. ओळखीचा एक जण म्हणतो, सेन्सर जोडून टाकला, म्हणजे तो वगळून तारा थेट जोडल्या, की विझणार नाही. (भुसावळ)

उत्तर : तो गीझर आजपासून वापरू नका. सेन्सर शाबूत आहे, तो आपलं काम करतोय. खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की पायलटची ज्योत थर्मोकपलपासून दूर सरकते आणि गॅस बंद होतो. सेन्सर जोडून टाकणं म्हणजे ती शेवटची राखण काढून टाकणं.

हिशेब असा. सहा लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो आणि एक किलो गॅसला साधारण १२ घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये जेमतेम साडेपाच घनमीटर हवा असते. दहा मिनिटांत त्यातली एकतृतीयांशाहून जास्त हवा ज्योत खाते. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, पाय गळून जाणं ही त्याचीच लक्षणं आहेत आणि पुढची पायरी बेशुद्धीची असते. आत कुणी बोलत नाहीसं झालं तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या, अशा वेळी ऑक्सिजन लागतो.

उपाय एकच : गीझर बाहेर, गॅलरीत किंवा अंगणाच्या भिंतीवर घ्या आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत आणा. झरोका मोठा करतो, पंखा बसवतो, असले मधले मार्ग आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : पायलट व्यवस्थित टिकतो, पण नळ उघडल्यावर मोठा बर्नर पेटत नाही. कधी पेटतो, कधी नाही. पाणी बोअरचं आहे. (पारोळा)

उत्तर : इथे गॅसचा दोष नाही, पाण्याचा आहे. नळ उघडल्यावर पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, वर उचलला जातो आणि त्याची पिन गॅसची वाट उघडते. आधी बादली लावून पाहा. १५ लिटरची बादली गीझरमधून भरायला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर धार कमी पडते. धाब्यावरच्या टाकीचा तळ गीझरपेक्षा निदान दोन-तीन मीटर वर हवा, कारण दहा मीटर उंचीला कुठे एक बार दाब मिळतो.

धार बरी असेल तर पाणी बंद करून येणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी काढा. बोअरच्या जड पाण्याने ती पांढऱ्या क्षाराने भरलेली सापडेल. जाळी व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवली की क्षार सुटतो. तरीही बर्नर धरसोड करत असेल तर डायफ्राम ताणला आहे किंवा त्याला बारीक भोक पडलंय. झाकणाचे स्क्रू काढून तो उजेडाकडे धरा, भोक लगेच दिसतं. रबराला पंक्चर चिकटवू नका, त्याच मॉडेलचा नवा टाका. पिन बोटाने आत-बाहेर सहज सरकली पाहिजे, अडकत असेल तर गंज पुसून काढा.

प्रश्न : गीझर सेलवाला आहे. टिकटिक होते, ज्योत येते आणि काही सेकंदांत जाते. (शहादा)

उत्तर : यात पायलट नसतो. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा ठेवू नका. त्याने नाही भागलं तर बर्नरवरच्या दोन पिनांपैकी ज्योत ओळखणारी पिन काजळली असेल, पॉलिश पेपरने पुसा आणि तिचं टोक ज्योतीत येतंय ना पाहा.

प्रश्न : मुंबईच्या घरातला गीझर धुळ्याला आणला. तिथे पाइपचा गॅस होता. सिलिंडरवर जोडला तर पायलट भकाभका पेटतो, काजळी धरतो. (धुळे)

उत्तर : लगेच बंद करा. पाइपच्या गॅसपेक्षा सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच घनफळात सुमारे अडीच पट उष्णता असते आणि दाबही जास्त, त्यामुळे पाइपच्या गॅसचे जेट त्याला फार मोठे पडतात. पायलट आणि बर्नर दोन्हींचे जेट कंपनीकडून बदलून मिळत असतील तरच तो गीझर ठेवा. नुसता रेग्युलेटर बदलून हे सुटत नाही.

प्रश्न : सिलिंडर अंगणात आहे. जानेवारीच्या पहाटे पायलट बारीक होऊन विझतो, दुपारी ठीक चालतो. (साक्री)

उत्तर : घरगुती गॅसमधला ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत त्याचा दाब घसरतो. त्यात गीझर भराभर गॅस ओढतो, तेव्हा सिलिंडर आणखी गार पडतो. संपत आलेल्या सिलिंडरला हे आधी जाणवतं. भरलेला लावून पाहा आणि अंघोळीच्या वेळी शेगडी त्याच रेग्युलेटरवर चालू ठेवू नका. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवा करणं, दोन्ही धोक्याचं. नळीवरची तारीखही पाहून घ्या, पाच वर्षं झाली असतील तर बदला.

प्रश्न : पायलट चोवीस तास चालू ठेवला तर गॅस किती जातो? (चोपडा)

उत्तर : ज्योतीच्या आकाराप्रमाणे दिवसाला पाव किलोच्या आसपास. म्हणजे अंघोळ न करताही सिलिंडर साधारण दोन महिन्यांत रिकामा. अंघोळी उरकल्या की नॉब बंद करा आणि रेग्युलेटरही.