अर्नाउत आणि बाशीबाझूक एकच का?

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या नावांत कधी 'अर्नाउत' दिसतो, कधी 'बाशीबाझूक'. दोन्ही एकच का? आणि मराठीत काय लिहावं?

एकच नाहीत. अर्नाउत हे लोकांचं नाव. ग्रीक 'अर्वानीतिस'वरून तुर्कीत 'अर्नावुत' झालं; अर्थ अल्बेनियन. ते लोक स्वतःला मात्र श्किप्तार म्हणवतात. ऑटोमन फौजांत त्यांची मोठी भरती असे. ऑटोमन फौजेतला सरदार मोहम्मद अली १८०१ मध्ये अशाच अल्बेनियन पथकाबरोबर इजिप्तमध्ये उतरला आणि १८०५ मध्ये तिथला सुभेदार झाला. तेव्हापासून कैरोत अर्नाउत म्हणजे शिपाई, असंच झालं. पेशवाईच्या उत्तरकाळात 'अरब' म्हटलं की पगारी शिबंदीतला शिपाई समजत, तसंच हे.

बाशीबाझूक हा शिपायाचा प्रकार. तुर्कीत 'बाश' म्हणजे डोकं, 'बोझुक' म्हणजे बिघडलेलं, मोडलेलं. इराणच्या सफवी शाहांचे लाल टोपीवाले शिपाई, किझिलबाश, म्हणजे लाल डोक्याचे, यातला बाश तोच. पण रोख वेडावर नाही. शिस्त नाही, वर धड कुणी नायक नाही, असा तो. सरकार हत्यारं देई, पगार नाही, म्हणून लूट हीच कमाई. १८७६ मध्ये बल्गेरियात त्यांनी केलेल्या कत्तलींनंतर युरोपात हा शब्द शिवीसारखाच झाला. यांत अल्बेनियन असत, तसेच कुर्द आणि कॉकेशसमधले चेर्केस लोकही.

चित्रांत हा फरक पुसला जातो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला जेरोमचा 'बाशीबाझूक' (१८६८-६९) नीट पाहा: काळा वर्ण, खांद्याला बंदूक, डोक्याला गोंड्यांचं भरगच्च शिरोवस्त्र आणि अंगात फिक्या गुलाबी रेशमाचा अंगरखा. त्या रेशमावरची एकेक चुणी इतकी मन लावून रंगवली आहे की मला तिथून नजर काढवत नाही. पण असं रेशीम घालून कोण लढायला जाईल? प्रवासातून आणलेले कपडे पॅरिसच्या चित्रशाळेत मॉडेलला चढवले, तो हा शिपाई. अल्बेनियन माणूस रंगवायचा झाला की खूण वेगळी: गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पांढरा घेरदार झगा, फुस्तानेला.

मराठीत बाशीबाझूकला 'पेंढारी' म्हणायचा मोह होतो, कारण बिनपगारी लुटीचं गणित तेच. मी मात्र मूळ शब्द ठेवून कंसात 'पेंढाऱ्यांसारखा बिनकवायती शिपाई' असं लिहीन. नुसतं पेंढारी म्हटलं की वाचक थेट माळव्यात जातो. अर्नाउतला सरळ 'अल्बेनियन शिपाई' लिहावं.