चोवीस शब्द आणि बोटभर पडदा

जळगाव

चि. भाचेबुवांस,

अनेक आशीर्वाद. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो नाण्यांची चावी सांभाळणारी छोटी डबी, घ्यायचे ठरवलेस, तर एक गैरसमज आधी काढून टाक. त्या डबीत नाणी नसतात. नाणी म्हणजे ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक खातेवहीतल्या, नोंदी. डबीत असते सही करायची चावी, आणि ती चावी निघते २४ शब्दांतून. डबी तापीत पडली तरी नवी आणता येते. शब्द हरवले तर सगळे गेले. आणि शब्द दुसऱ्याने पाहिले, तर डबी तुझ्या खिशात असतानाही पैसे जातात.

खरेदी कंपनीच्या साइटवरून किंवा तिथे नाव असलेल्या विक्रेत्याकडूनच कर. कोणी ‘एकदाच वापरलेले’ स्वस्तात देत असेल तर नको. सील शाबूत आहे यावर भरवसा ठेवू नकोस, सील पुन्हा लावता येते. कंपनीचे ॲप यंत्र अस्सल आहे का ते तपासते, ती तपासणी कर. खोक्यात आधीच छापलेले २४ शब्द निघाले किंवा यंत्राला आधीच पिन असला, तर ते यंत्र चोराचे आहे असेच समज. शब्द नेहमी तुझ्यासमोर, यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर, पहिल्यांदा उमटले पाहिजेत. २०२० मध्ये अशी यंत्रे बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांचे पत्ते फुटले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींच्या घरी ‘जुने यंत्र बदलून घ्या’ अशा पत्रासह हुबेहूब दिसणारी बनावट यंत्रे पोस्टाने आली होती.

मांडणी घरी कर, दुकानाच्या काउंटरवर नको. तिथे डोक्यावर सीसीटीव्ही असतो. ॲपच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप कर, कारण शोधल्यावर सगळ्यात वर येते ती बऱ्याचदा जाहिरात असते. यंत्राचा दिवा लागला पण संगणक ओळखत नसेल, तर घाबरू नकोस. बहुतेक वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यातून डेटा जात नाही. खोक्यातलीच केबल लाव. आधी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत कर, मग नवे वॉलेट तयार कर. पिन सहा ते आठ आकडी ठेव. गाडीच्या पाटीवर एमएच १९ नंतर येणारे चार आकडे पिन म्हणून वापरू नकोस. लेजरमध्ये तीनदा पिन चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकते, ट्रेझर या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात त्याहून जास्त वेळा चुकल्यावर. शब्द असतील तर पुसले गेल्याचे नुकसान काही नाही.

आता शब्द लिहायचे. फोनने फोटो काढायचा नाही, स्वतःलाही व्हॉट्सॲप करायचे नाही, प्रिंटर नको. कागदावर शिसपेन्सिलने लिही, जेल पेनची शाई पाणी लागले की पसरते. प्रत्येक शब्दाला क्रमांक दे. दोन रकान्यांत लिहिलेस तर बाण काढून ठेव, कारण वर्षभराने आडवे वाचायचे की उभे हेच आठवत नाही, आणि क्रम चुकला की वॉलेट उघडत नाही. शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिही, देवनागरीत नको. यादी २०४८ शब्दांची आहे, आणि तिच्यात ‘बरोबर’ अर्थाचा राइटही आहे आणि ‘लिहिणे’ अर्थाचा राइटही. मराठीत दोन्ही सारखेच दिसतील. चोविसाव्या शब्दात आधीच्या शब्दांचा ताळा असतो, त्यामुळे चूक झाली तर यंत्र बहुधा पकडते. पण २५६ पैकी एखादी चूक निसटते. तेव्हा यंत्र काही बोलत नाही, फक्त रिकामे वॉलेट उघडते.

पुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात. तू गाळू नकोस. एक रुपयाही टाकण्याआधी ॲपमध्ये पैसे घेण्याचा पहिला पत्ता (खाते क्रमांकासारखी अक्षरे-आकड्यांची लांब ओळ) काढ, यंत्राच्या पडद्यावर पडताळ आणि पूर्ण उतरवून ठेव. मग सेटिंगमध्ये जाऊन यंत्र पूर्ण पुसून टाक. कोऱ्या यंत्रात तुझ्या कागदावरून, फक्त कागदावरून, २४ शब्द भर. शब्द यंत्रावरच भरायचे, संगणकाच्या कीबोर्डवर नाही. आता तोच पहिला पत्ता आला, तर कागद बरोबर आहे. वेगळा आला, तर एखादा शब्द किंवा क्रम चुकला आहे. हे रिकाम्या वॉलेटवर कळले तर अर्धा तास वाया जातो, भरलेल्यावर कळले तर सगळी रक्कम.

कागद जुळला की धातूकडे वळ. आपल्याकडे कागदाला वाळवी लागते आणि पावसाळ्यात ओल धरते. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची दोन मिलिमीटर जाड पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आण. ते स्टील वितळायला १४०० अंशांच्या आसपास तापमान लागते, घराची आग सहसा तिथवर जात नाही. हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचा आणि आकड्यांचा पंचसेट घे. शब्दाची पहिली चार अक्षरे ठोकली तरी पुरतात, कारण त्या यादीत कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नाहीत. म्हणजे फार तर ९६ अक्षरे. ठोकायचे स्वतःच. सराफ बाजारात कोरून देणारे उत्तम कारागीर आहेत, पण शब्द त्यांच्या हाती गेले की वॉलेट त्यांचेही झाले. अशा दोन पट्ट्या कर, एक इथे आणि एक गावच्या घरी. बारा शब्द इकडे, बारा तिकडे अशी हुशारी करू नकोस. एक अर्धा गेला की दुसरा कुचकामी. पासफ्रेजच्या, म्हणजे २४ शब्दांना स्वतःहून जोडायच्या जादा परवलीच्या, नादी सध्या लागू नकोस. ती चुकली तर ‘चूक’ असे कोणी सांगत नाही, दुसरेच रिकामे वॉलेट उघडते.

पैसे आणताना आधी एक्सचेंज, म्हणजे जिथे नाणी विकत घेतोस ती साइट, नाणी बाहेर काढू देते का, ते पाहा. मग नेटवर्क, म्हणजे नाणे कुठल्या ब्लॉकचेनवरून जाणार ते. डॉलरच्या भावाला बांधलेले यूएसडीटी हे नाणे इथेरियम या ब्लॉकचेनवर वेगळे, ट्रॉनवर वेगळे. पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकच नेटवर्क निवडायचे. इथेरियमवर घेतलेस तर पुढे ते हलवायला शुल्क म्हणून थोडे इथर (इथेरियमचे स्वतःचे नाणे) लागेल, नाहीतर पैसे दिसतील पण हलणार नाहीत. पत्ता कॉपी-पेस्ट करताना संगणकातला व्हायरस तो बदलू शकतो, म्हणून यंत्राच्या पडद्यावरचा पत्ता खरा मानायचा. रावेरला केळीचा ट्रक भरताना आपण काट्यावरचा आकडा स्वतः पाहतो, दलालाच्या चिठ्ठीवर भागवत नाही, तसेच. पहिली-शेवटची चार अक्षरेच नको, मधलीही बघ. टोके जुळणारे पत्ते बनवून चोर तुझ्या व्यवहारांच्या यादीत किरकोळ रक्कम सोडतात, तू तिथून पत्ता उचलावास म्हणून. आधी छोटी रक्कम पाठव, पोहोचली की उरलेली. बिटकॉइनचा पत्ता दर वेळी नवा दिसेल. जुनाही चालतो.

यंत्रावर न समजणारी अक्षरे आली आणि मंजुरी मागितली, तर नकार दाब. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची क्रिप्टो गेली. सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती. पण संगणकावरचे चित्र चोरांनी बदलले होते, आणि यंत्रावर खरे काय मंजूर होते आहे ते वाचून कळत नव्हते.

कराची नोंद वहीत ठेव. तारीख, खरेदीचा भाव, व्यवहाराचा आयडी. नफ्यावर ३० टक्के आणि वर चार टक्के उपकर, विकताना एक टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. आपल्याच वॉलेटमध्ये हलवणे ही विक्री नाही, पण मूळ खरेदीचा पुरावा तुझ्याकडेच हवा, एक्सचेंज बंद पडले तरी.

कंपनीचा माणूस म्हणून कोणी शब्द विचारले, तर तो कोणीही असो, फोन ठेव. खरी कंपनी ते कधीच विचारत नाही.

आणि तुझ्या आईला एवढे सांगून ठेव, की कपाटातली ती अक्षरे ठोकलेली पट्टी भंगार नाही. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याकडे जायला नको. शब्द सांगू नकोस, पट्टी कशाची आणि गरज पडली तर कोणाला बोलवायचे, एवढे पाकिटात लिहून ठेव.

यंत्र पुसून पुन्हा भरल्यावर पहिला पत्ता जुळला की नाही, तेवढे कळव. पत्ता पाठवू नकोस, ‘जुळला’ एवढेच.

तुझा,
मामा