वाचकांचे प्रश्न : एक लाख बारा हजार किलोमीटर धावलेली गाडी

प्रश्न : मी औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. सोलापूरहून पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, बार्शी आणि अक्कलकोट अशी माझी फिरती असते आणि महिन्याला सुमारे अडीच हजार किलोमीटर होतात. आजवर मोटारसायकलवर भागवले, पण आता कंबर साथ देत नाही. जवळ पाच लाख रुपये आहेत व कर्ज काढायचे नाही. तीन गाड्या पाहिल्या आहेत. पहिली २०१९ची पेट्रोल हॅचबॅक असून मीटरवर ३२ हजार किलोमीटर आहेत. ‘वयस्कर जोडप्याने देवदर्शनापुरती वापरलेली’ असे डीलर सांगतो. चारही टायर नवे आहेत, सर्व्हिस बुक मात्र हरवले आहे आणि किंमत ४ लाख ६० हजार आहे. दुसरी एका सहकाऱ्याची २०१८ची डिझेल डिझायर. ती १ लाख १२ हजार किलोमीटर धावली आहे, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या आहेत, अपेक्षा ४ लाख ७५ हजारांची आहे. तिसरी दिल्ली पासिंगची २०१६ची डिझेल एसयूव्ही ३ लाख ९० हजारांना मिळते आहे. घरच्यांना पहिली गाडी पसंत आहे. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : घरच्यांची पसंती समजण्यासारखी आहे, पण आपण सहकाऱ्याची डिझायर घ्यावी, असे माझे मत आहे. अर्थात ती पुढे सांगितलेल्या तपासणीत उतरली तर, आणि मागितलेल्या किमतीला नव्हे.

पहिल्या गाडीबद्दल आपण पत्रात दोन गोष्टी सहज लिहून गेला आहात आणि त्या दोन्ही मला खटकतात. ३२ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर बदलण्याची वेळ सहसा आलेली नसते. साध्या वापरात ते ४०-५० हजारांपर्यंत जातात. मग चारही टायर एकदम का बदलले गेले? आणि ज्या गाडीचे टायर वेळेआधी संपतात तिचेच सर्व्हिस बुक नेमके कसे हरवते? देवदर्शनापुरत्या वापरलेल्या गाड्या बाजारात इतक्या मुबलक आहेत, की त्या सगळ्या खरोखरच देवदर्शनाला निघाल्या असत्या तर आपल्याला पंढरपूरचा रस्ता कधी मोकळा मिळाला नसता. मीटर मागे फिरवणे हे आज काही मिनिटांचे काम आहे. झिजलेले रबर पूर्ववत करणे मात्र कोणाला जमत नाही. म्हणून मीटर पाहण्याआधी क्लच व ब्रेकच्या पेडलवरील रबराच्या रेघा शिल्लक आहेत का ते पाहावे, स्टिअरिंगला जिथे हात राहतो तिथले दाणे गुळगुळीत झाले आहेत का ते बोटाने चाचपावे आणि चालकाच्या सीटची दाराकडील कड बसली आहे का ते पाहावे. डिकीतील स्टेपनीवर चार आकडी निर्मितीची खूण असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मूळ स्टेपनी जागेवर असेल तर ती गाडीच्या वयाशी जुळायला हवी. काचांवरही निर्मितीवर्षाची खूण असते, तेव्हा एखादीच काच नंतरच्या वर्षाची निघाली तर ती का बदलली हे विचारावे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या क्रमांकावरून जुन्या नोंदी निघतात. मूळ मालकाला सोबत घेऊन त्या पाहाव्यात आणि डीलर मालकाची गाठ घालून देण्यास टाळाटाळ करू लागला, तर तिथेच विषय संपवावा.

आता इंधनाचा हिशेब. आपली गाडी वर्षाला ३० हजार किलोमीटर चालणार. पेट्रोल लिटरला १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरू. प्रत्यक्ष रस्त्यावर पेट्रोल गाडी लिटरला १८ आणि डिझायर २१ किलोमीटर देते असे मानले, तर पेट्रोलला वर्षाकाठी सुमारे १ लाख ७३ हजार आणि डिझेलला १ लाख ३० हजार रुपये लागतील. फरक ४३ हजारांचा. महिन्याला सहा-सातशे किलोमीटर चालवणाऱ्याला मी डिझेल घेऊ नका असेच सांगतो, कारण तेवढ्या वापरात इंधनातली बचत डिझेलच्या महागड्या दुरुस्तीला पुरत नाही. आपले तसे नाही. शिवाय २०१८ची गाडी बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकातली आहे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाले आणि त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना धुरातील काजळी अडवणारा फिल्टर बसू लागला. गावातल्या गावात हळू फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो. आपल्या गाडीत ही कटकट नाही. मारुतीने त्याच सुमारास डिझेल गाड्या बनवणे थांबवले असले, तरी डिझायरमधील १२४८ सीसीचे हे इंजिन मुळात फियाटचे आहे आणि मारुतीच्या व टाटांच्या अनेक गाड्यांत ते वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. त्यामुळे ते न उघडलेला मेस्त्री आपल्या जिल्ह्यात शोधावा लागेल. त्याला टायमिंग बेल्टऐवजी चेन असल्याने ठरावीक किलोमीटरनंतर बेल्ट बदलण्याचा खर्चही नाही. आणखी एक गोष्ट, जी भाव करताना कोणी विचारात घेत नाही : २०१७मध्ये आलेल्या या पिढीच्या डिझायरमध्ये सगळ्या प्रकारांना दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) होते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रात्री परतणाऱ्या माणसाला संगीताच्या पडद्यापेक्षा हे अधिक उपयोगाचे आहे.

१ लाख १२ हजार हा आकडा ऐकून दचकू नये. हमरस्त्यावर एका लयीत धावलेले लाख किलोमीटर इंजिनला सोसतात. सिग्नलवर थांबत-चालत, थंड इंजिनावर रोज दोन-तीन किलोमीटरच केलेले ४० हजार अधिक जाचतात. तरीही सहकाऱ्याच्या भिडेखातर तपासणी टाळू नये. गाडी सकाळी पाहायला जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर गाडी आपल्यासाठी तापवून ठेवली आहे असे समजावे. थंड गाडी चटकन सुरू झाली पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, सतत पांढरा धूर आणि कूलंटची पातळी कमी असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलची) शंका घ्यावी आणि वेग वाढवताना काळा धूर निघाला तर इंधन फवारणारे इंजेक्टर तपासावेत. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. थोडी वाफ चालते. झाकण थडथडत उडू लागले किंवा आगगाडीसारखे फुसकारे येऊ लागले, तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपत आली आहे. टर्बोची (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याची) शिट्टी बारीक असावी, किंचाळणारी नसावी. शेवटी आपल्या, म्हणजे विक्रेत्याने सुचवलेल्या नव्हे, अशा मेस्त्रीकडे गाडी रॅम्पवर घेऊन खालून पाहून घ्यावी आणि इंजिनमधील बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा. टर्बो आणि इंजेक्टर एकाच वर्षी निघाले, तर वर मांडलेली वर्षाची बचत त्यातच जाईल.

पाच लाखांतले पाच लाख गाडीत घालू नयेत. टायर, क्लच, बॅटरी, सगळी तेले व फिल्टर आणि विमा यांसाठी ५० ते ६० हजार बाजूला ठेवावेत. म्हणजे किंमत ४ लाख ४० हजारांच्या आत बसली पाहिजे, आणि लाखावर धावलेल्या गाडीसाठी तसे बोलायला आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

तिसऱ्या गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. पण एमएच-१३ क्रमांक मिळवण्यासाठी तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा एकरकमी कर आणि हेलपाटे यांत स्वस्ताईचा बराच भाग जातो. ही गाडी सोडावी. अशा शोधात सांगली-कोल्हापूरकडची एखादी गाडी समोर आली, तर २०१९च्या महापुराची आठवण ठेवून सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ पाहावी आणि सीटखालच्या रुळांचा गंज तपासावा. तिकडच्या सगळ्या गाड्या बुडालेल्या नसतात, पण बुडालेली गाडी लांबच्या जिल्ह्यात विकली जाते.

व्यवहार करताना मालकी बदलण्याच्या नमुना २९ व ३० वर सह्या घ्याव्यात, आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा नमुना ३५ आणि बँकेचे पत्र घ्यावे आणि ई-चलनाची थकबाकी आधी भरून घ्यावी. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाला विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी नो-क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही, हेही विम्याचा खर्च धरताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मी पिंपरीहून चाकणला रोज नोकरीसाठी जाते. येऊन-जाऊन साठ किलोमीटर होतात. २०१७ची वॅगनआर पसंत पडली आहे. तिला बाहेरून सीएनजी किट बसवलेले आहे, पण आरसीवर फक्त पेट्रोल लिहिलेले आहे. मालक म्हणतात, ‘कोणी विचारत नाही.’
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : अपघातानंतर विमा कंपनी विचारते. इंधनाची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर नसेल, तर दावा अडकतो. आपल्या रोजच्या अंतराला सीएनजी योग्यच आहे, मात्र शक्यतो कंपनीने बसवलेल्या किटचीच गाडी शोधावी. हीच घ्यायची असेल, तर डिकीतील सिलिंडरवरची पट्टी कापडाने पुसून वाचावी. तिच्यावर चाचणीची तारीख असते. दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी बंधनकारक आहे आणि पट्टीच नसेल तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. गाडी पेट्रोलवरही दहा-पंधरा किलोमीटर चालवून पाहावी, कारण अनेकजण वर्षानुवर्षे केवळ गॅसवर फिरतात आणि पेट्रोलचा पंप व इंजेक्टर टाकीतल्या शिळ्या पेट्रोलाने खराब झालेले असतात. आरसीवर सीएनजीची नोंद मालकांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खर्चाने करून द्यावी आणि मगच पैसे द्यावेत. ते तयार नसतील तर गाडीला साध्या पेट्रोल गाडीचाच भाव सांगावा आणि सिलिंडर त्यांच्याकडून उतरवून घ्यावा.