दिवस हातात आल्यावर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा, तुझ्याच वयाचा मित्र रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठलाच नाही. तेव्हापासून पहाटे जाग आली की तुला आधी भीती वाटते, मग 'आपण आहोत' म्हणून हायसं वाटतं, आणि लगेच त्याची लाज वाटते. जो दिवस त्याला मिळाला नाही त्याचे आभार मी कोणत्या तोंडाने मानू, असं विचारलंस.

तुझी गल्लत इथे होतेय. हायसं वाटायला कुणीतरी जावं लागतं. कृतज्ञतेला दुसऱ्याचं मरण लागत नाही. तो असता तरी आजचा दिवस तुला असाच, काही न करता मिळाला असता. म्हणून लाज सोड. दुःख राहू दे. ते असताना एखादी सकाळ आवडली तर त्यात त्याचा अपमान होत नाही.

माझी आई अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी जमिनीला हात लावून 'पादस्पर्शं क्षमस्व मे' म्हणायची, म्हणजे माझा पाय तुला लागतोय, क्षमा कर. तुझ्याही घरी कुणीतरी म्हणत असेल. मला त्यातलं हे फार मोठं वाटतं की दिवसाची सुरुवात हक्क सांगून होत नाही, क्षमा मागून होते. देवाधर्मावर तुझा विश्वास किती ते मी विचारत नाही. विश्वास नसला तरी तेवढा एक क्षण थांबता येतं.

आणि आजचा दिवस कालच्यासारखा नाही, हे बघायला शीक. आपल्याकडचे जुने कोळी भरतीचा हिशोब तिथीवरून करतात. तिथीला पाऊणने गुणायचं, आली वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. रोज साधारण पाऊण तास पुढे. ज्याला डोल, म्हणजे मासे धरायचं जाळं, लावायला जायचंय त्याला कालची वेळ आज उपयोगाची नाही. आज तिथी कोणती, हे त्याला रोज विचारावंच लागतं. तुझा गजर मात्र रोज साडेसहालाच वाजतो, तीच बस, तोच जिना. मग दिवस एकाला एक चिकटतात आणि महिना कुठे गेला कळत नाही. रोज उठल्यावर आजचं असं एक काहीतरी शोध. लहान चालेल. वहीत वगैरे लिहू नकोस, नुसतं बघ.

तू विचारलंस, मरण समोर दिसत असताना माणूस शांत कसा राहतो. शांत राहण्याचं मला सांगता येणार नाही. पाहिलेलं सांगते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आपल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. काही तासांत पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, कमरेत मोडल्या, नारळ मुळासकट उलटले, आणि वाडीत उभं राहिलं की जिथे कधी आभाळ दिसत नसे तिथे सगळं आभाळच. शेजारच्या काकांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. पाऊस धरल्यावर ते खुरपं घेऊन वाडीत बसले. मोडक्या झावळ्या बाजूला ओढल्या, खड्ड्यात शेणखत टाकलं, रोप डाव्या हाताने सरळ धरून उजव्याने माती लोटली, तळव्याने दाबली, आणि बसल्याबसल्याच पुढच्या खड्ड्याकडे सरकले. पोफळ धरायला सहा-सात वर्षं तरी जातात, हे त्यांना काय मी सांगायचं! तरी न राहवून म्हटलं, "काका, आता कशाला एवढं?" मान वर न करता म्हणाले, "जी पडली, ती तरी मी कुठे लावली होती?"

काका पुढच्या वर्षी गेले. ती रोपं आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. त्या दिवसाचे आभार त्यांनी असे मानले, असं मी समजते. मागच्यांनी दिलेलं पुढे सरकवत राहिले, आणि स्वतःच्या वाट्याला सुपारी येणार का, हा हिशोब त्यात धरलाच नाही. तुझ्याकडे वाडी नाही, पण तुझ्या हाताखाली नवी आलेली मुलं आहेत ना? तुला कुणी शिकवलं होतं ते आठव आणि त्यांच्याजवळ बस.

पहाटेची धडधड अजून होते म्हणतेस, झोपही लागत नाही. डॉक्टरांना दाखव. ते मनाच्या डॉक्टरांकडे जा म्हणाले तर तिकडेही जा, त्यात कमीपणा मानू नकोस. माझ्या पत्राने भागेल असं समजू नकोस.

आणि त्याच्या आईला फोन कर. समजूत घालायला नको. तो डब्यातलं आधी काय संपवायचा, कुणाची नक्कल करून तुम्हाला हसवायचा, ते सांग. त्याचं ऑफिसातलं आयुष्य तिने पाहिलेलं नाही, ते तुझ्याकडे आहे. ती रडली तर रडू दे, फोन ठेवायची घाई करू नकोस. रविवारपर्यंत थांबू नकोस, आज संध्याकाळीच कर.

तुझ्या,
बाई